तांदळाचा कप

"संपलं?" इलुमिनादोने रिकामा कप तळहातावर उपडा करून आपटला.

"संपलं. आता जेवणाबरोबर." पास्तोराने कप त्याच्या हातून काढून घेतला.

"तू मला नुसती पाण्यात पाहतेस, नानाय. पाणी मात्र देत नाहीस."

मुलगी झाल्यापासून हा नवरा तिला नानाय, म्हणजे आई म्हणायचा आणि ती त्याला ताताय. मुलगी अमेरिकेला गेली, हाका तेवढ्या घरात राहिल्या.

उभा जन्म त्याने बंदरावरच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढल्या होत्या, आणि आता बर्फाच्या खड्यालाही तो महाग झाला होता. हृदय थकलं, पाय सुजले. इथला डॉक्टर म्हणाला, पाणी कमी करा. किती कमी, ते देवाला ठाऊक. मग मारिव्हिकने, त्यांच्या लेकीने, ती जिथे म्हाताऱ्यांची सेवा करते तिथल्या डॉक्टरला कागद दाखवले आणि फोनवर सांगितलं, "दिवसाला चार कप, नानाय. सूप, कॉफी, सगळं धरून."

कप म्हणजे कप. राइस कुकरबरोबर येतो तो, तांदूळ मोजायचा. पास्तोरा पीठ त्यानेच मोजायची, शेजारणीला साखरही त्यानेच द्यायची. त्या गल्लीत कप म्हटल्यावर दुसरं काही कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

त्यात एप्रिल. पत्रा असा तापायचा की घरात पाय ठरत नसे. इलुमिनादो या खोलीतून त्या खोलीत तिच्यामागे फिरायचा. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात बर्फ चघळताना सापडला, तेव्हा तिने त्याची आणि दुकानदारिणीची भर रस्त्यात हजेरी घेतली होती. ती स्वतः परसात जाऊन, त्याच्याकडे पाठ करून, चोरासारखी पाणी प्यायची. गिळताना आवाज होऊ नये म्हणून जपायची. रात्रंदिवस जिवाला घोर, एक घोट जास्त गेला तर?

हल्ली तो उठताना भिंत धरायचा. त्या दिवशी फोनवर तिने ते सांगितलं.

"पाणी किती देतेस?" मारिव्हिकने विचारलं.

"चार कप. वर थेंब नाही."

"मग बत्तीस औंस झाले की. चक्कर का यावी?"

"औंस-बिंस मला सांगू नको, बाई."

"तू मला दूध कशाने पाजलंस? बाळाच्या बाटलीवर असतात ना औंस? मोठी बाटली भरून आठ. तेवढा इथला एक कप."

पास्तोराने शेजारच्या नेनिताकडून तिच्या नातवाची बाटली मागून आणली. वरच्या रेघेपर्यंत भरली आणि तांदळाच्या कपात ओतू लागली. कप भरला. पाणी काठावरून तिच्या बोटांवर, टेबलावर आलं. बाटलीत अजून दोन बोटं पाणी होतं. तिने पुन्हा भरून पाहिलं. पुन्हा तेच.

आपण आपल्याच माणसाला तहानेने मारत होतो. दर कपाला एवढं, रोज चार वेळा. आणि वर त्याला हावरट म्हणत होतो.

सांगायची काही तिची छाती झाली नाही. तिने अख्खी बाटली मोठ्या काचेच्या ग्लासात रिती केली आणि त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आज एवढं?"

"पी मुकाट."

तो प्यायला नाही. "मारिव्हिकचा फोन होता ना? काय म्हणाला तिकडचा डॉक्टर?"

"काही नाही."

"माझ्या भावालाही शेवटी असंच सगळं खाऊ दिलं होतं. डुकराची चरबीसुद्धा." त्याने ग्लास हळूच दूर सारला. "पोरीला बोलावून घे. मला एकदा बघू दे तिला."

पास्तोरा बाटली पुन्हा भरून, कप घेऊन आली आणि त्याच्यासमोर ओतून दाखवू लागली. पाणी पुन्हा टेबलभर झालं.

"हे बघ. त्यांचा कप मोठा. मी तांदळाच्या कपाने देत होते. चुकले मी, ताताय."

"कोण चुकलं?"

"मी म्हटलं ना."

त्याने बाटली उचलून उजेडात धरली. तळाशी उरलेलं पाणी हलवून पाहिलं. "हे माझं होतं?"

"तुझंच."

आता शिव्या बसणार म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. बसल्या तर बरंच, असंही तिला वाटलं.

"म्हणजे मी मरत नाहीये," तो म्हणाला.

"इतक्यात तरी नाही."

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. मग ग्लास ओढून घेतला. इतके दिवस मिळेल ते एका दमात संपवणारा माणूस सावकाश, थांबत थांबत प्यायला. तळाशी दोन बोटं पाणी राहिलं तेव्हा त्याने ग्लास खिडकीत ठेवला. पास्तोराचा हात सवयीने पुढे गेला.

"राहू दे."

"कोमट होईल."

"होऊ दे. माझं आहे. वाटलं की पिईन."

ती संध्याकाळच्या भाताला लागली. त्याच कपाने तांदूळ घेतले, धुतले, कुकर लावला. येता-जाता तिची नजर खिडकीकडे जात होती. इलुमिनादो ग्लासाशेजारी खुर्ची टाकून रस्त्यावरची वर्दळ बघत बसला होता. दिवे लागले, तरी ग्लासात पाणी होतं.