उजवा खांदा अर्धा इंच खाली

दुपारचे चार वाजले की तुंगाबाई दाराकडे बोट दाखवायच्या. "वाणी, तो माणूस आला बघ पुन्हा. जा म्हण त्याला." आणि पदर तोंडावर ओढून भिंतीकडे सरकायच्या.

दारात कुणीही नसायचं. चामराजपेटेतल्या त्या घराची पुढची खोली म्हणजे शामसुंदरअप्पांचं शिवणकामाचं दुकान. अप्पांना जाऊन वर्ष झालं होतं, मशीन मात्र तिथंच होतं. तुंगाबाईंची आठवण त्याआधीपासूनच विरत चालली होती; आता नवऱ्याचा फोटो दाखवला तरी त्या "कोण हे?" म्हणून विचारायच्या. त्यांच्या लेकीला, वाणीला, त्या विसरण्याचं एवढं वाईट वाटत नव्हतं. पण चार वाजता कॉफीसाठी मशीनवरून कोण उठायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्यालाच अम्मा भिते, हे तिला बघवत नव्हतं.

वाणी जयनगरच्या एका कॉलेजात आजकालच्या कादंबऱ्या शिकवायची. गोष्ट सांगायच्या दोन तऱ्हा ती वर्गात घसा फोडून समजावायची. एक रूपकाची: माणसाला झाड म्हणा, नदी म्हणा. दुसरी अंगाला लागून असलेल्या वस्तूंची: माणूस सांगायचाच नाही, त्याचा चष्मा सांगायचा, त्याच्या चपला सांगायच्या. पण स्वतः अप्पांवर लिहायला बसल्यावर या प्राध्यापक बाईंनी थेट रूपकावरच उडी मारली. पहिल्या प्रकरणात अप्पा कडुनिंब, दुसऱ्यात आटलेलं तळं, तिसऱ्यात तर अप्पा नाहीतच, नुसती तळटीप. अम्माला ओळख पटावी म्हणून तिने ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

"चांगलं आहे गं," तुंगाबाई म्हणाल्या. "पण हे कुणाचं? स्वल्प थांब, आधी त्या माणसाला जा म्हण."

वाणीला रडूच फुटलं. कागद डोळ्यांसमोर नकोत म्हणून तिने मशीनचा खण ओढला, तर आत मापवही होती.

अप्पांच्या लक्षात गिऱ्हाइकांची नावं कधी राहिलीच नाहीत. वहीतही नावं नव्हती. 'डावा खांदा उतरलेला.' 'लांब हात, बँकवाला.' 'पोट, यशवंतपूर.' आज पोट येणार आहे शर्ट न्यायला, असं अप्पा म्हणाले तर घरात कुणाला हसू यायचं नाही. शेवटच्या पानावर मात्र अक्षर निराळं होतं, अम्माचं. स्वतःचं माप स्वतः घेतलं तर चुकतं, म्हणून दर गौरीच्या सणाआधी अप्पांचं माप अम्माच घ्यायची. तिथंही नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तुंगाबाईंनी पदर ओढला. रोजच्यासारखं 'कुणी नाही गं' असं वाणी म्हणाली नाही. तिने अम्माच्या हातात टेप दिली आणि वहीतलं वाचायला लागली. "उजवा खांदा अर्धा इंच खाली. बाही साडेतेवीस. गळा पंधरा. छाती छत्तीस."

तुंगाबाईंचा पदर खाली आला. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या.

"अहो, सरळ उभे राहा की."

त्यांचे हात वर गेले. टेप पुरुषाच्या छातीइतक्या उंचीवर मागून फिरून पुढे आली आणि हवेत गोल होऊन थांबली. ती कुठेच सैल पडली नाही.

"श्वास सोडा. पोट आत ओढू नका, मला सगळं ठाऊक आहे." तुंगाबाईंनी आकडा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"छाती एकतीस. अय्यो, केवढे वाळलात हो! तिकडे जेवता कुठे?"

वाणीने वहीत छत्तीसच्या खाली एकतीस लिहिलं. मग ती तिघांपुरतं उप्पीट करायला आत गेली.