कवड्या की मण्यार

तांब्याचा पैसा... श्रीपादभावजींनी तो मेलेल्या सापाच्या तोंडात काडीने सारला, अग्नी द्यायच्या आधी सारतात तसा. आणि सुमतीची नजर पैशावरून घसरून मानेवरच्या पांढुरक्या पट्ट्यांवर गेली — मानेपासूनच सुरू झालेल्या, शेपटीकडे विरत गेलेल्या. म्हणजे कवड्या. पाली खाऊन जगणारा बिनविषारी, गरीब जीव. मण्यारीचं उलट, तिचे पट्टे मानेजवळ नसतातच, शेपटीकडे ठसठशीत होत जातात. काठी पडायच्या आधीपासून सुमती हेच ओरडून सांगत होती.

"ते तुमचं मत झालं, वहिनी," श्रीपादभावजी म्हणाले होते.

"मत कसलं? प्राणिशास्त्र शिकलेय मी. शाळेत शिकवते."

तिथंच चुकलं का? त्या एका वाक्यासरशी चाळीतले सगळे चेहरे मिटले. "मग तुमचं सर्टिफिकीट सापाला दाखवा की! तो काही वाचून चावत नाही" — श्रीपादभावजी म्हणाले, आणि हशा. त्या हशात नवऱ्याचं, सुधीरचं हसू तिनं वेगळं ओळखलं. बाकीच्यांचं जाऊ दे, गाढवापुढे वाचली गीता. पण लग्नात ज्यानं तिच्या पदवीचं चारचौघांत कौतुक केलं होतं, त्यानंही हसावं?

"अगं, मेला तो साप. सोड ना आता," जेवताना तो म्हणाला. सोडायचं म्हणजे काय करायचं? ठाऊक आहे ते ठाऊक नाही असं दाखवायचं? बरं, हळू आवाजात सांगितलं असतं तर ऐकलं असतं? छे! म्हणाले असते, बाईला स्वतःचीच खात्री नाही. आमटीत मीठ नव्हतं, तेही सुधीर बोलला नाही. घाबरला असेल. त्या घाबरण्याचाही तिला राग आला.

दुपारी शेजारच्या गोदूबाई दारात आल्या. म्हातारी एकटीच राहायची.

"चल गं जरा. माझ्या न्हाणीत बंबामागे तसाच एक आहे. कुणाला बोलले नाही, उगाच मारतील. तू शिकलेली, तू म्हणशील ते खरं."

न्हाणीत अंधार होता. बंबाआडून बोटभर शेपटी तेवढी दिसत होती. काळी... की तपकिरी? पट्टे होते की ओल चकाकत होती? मान दिसल्याशिवाय —

"कवड्याच ना?" म्हणत गोदूबाई तांब्या उचलायला निर्धास्त वाकल्या.

सुमतीनं त्यांचा दंड घट्ट धरला. 'मला सांगता येत नाही' एवढंच म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. बाहेर श्रीपादभावजी कुणाशी तरी हसत होते. गोदूबाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, पूर्ण विश्वासानं. सकाळपासून हवा होता तो हाच. आणि आता म्हातारीनं एकदा तरी आपल्यावर शंका घ्यावी, असं तिला कळवळून वाटत होतं.