दोन डब्यांचा रंग

"हा घ्या. ब्रशनं लावायचा, स्प्रेची गरजच नाही. आणि एकदा बसला की खालचं काही म्हणजे काही दिसत नाही!" रंगवाल्यानं अभिमानानं सांगितलं, आणि वहिनीच्या मनात पाल चुकचुकली.

दीर मात्र खूश. "हाच द्या."

झालं! इथं पाणी मुरतंय, याची वहिनीला खात्रीच पटली. घरात दिराला सगळे माघारी चिकटपट्टी म्हणायचे, ते काही उगाच नाही. मिक्सरचं भांडं, चष्म्याची काडी, बाथरूमचा नळ, सगळं त्यानं चिकटवून चिकटवून चालवलेलं. आता आपली जुनी गाडी तो पुतणीला फुकट देत होता, आणि त्याआधी तिच्या चाकांमागचं गंजलेलं लोखंड रंगवायला निघाला होता. पोरीची नोकरी डोंगरापलीकडे, रोजचा वळणावळणांचा रस्ता, सोबतीला कोणी नाही. फुकट म्हटल्यावर नवरा लगेच विरघळला. वहिनी कसली विरघळते!

"भाऊजी, साधा ऑइलपेंट का नको?"

"चाकाखालून खडे उडतात, वहिनी. आठवड्यात टवके निघतील त्याचे. हा दोन डब्यांचा. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. मिसळून लावला की वाळून दगड होतो."

"याहून पातळ काही?"

"पातळ कशाला?"

कशाला म्हणे! लोखंडातली चिकटवलेली भेग दिसायला, दुसरं कशाला?

घरी आल्यावर दिरानं गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरून पुढच्या चाकांचे दोन्ही आर्म मांडले. चाक जागेवर धरून ठेवतात ते हेच. वळणावर तुटले तर पोर गाडीसकट दरीत! वहिनी भाजी निवडायच्या निमित्तानं दारातच बसली. पण तारेच्या ब्रशनं गंज घासायचं काम त्यानं आदल्या दिवशी, ती बाजारात गेलेली असताना, उरकून टाकलं होतं. मुद्दामच, नाहीतर काय! तो मन लावून हात मारत होता, ब्रशचे फराटे आपोआप सपाट होत होते, आणि काळ्या जाड रंगाखाली लोखंड दिसेनासं होत होतं. तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

सकाळी तो आंघोळीला गेला तशी ती उलथनं घेऊन गॅलरीत शिरली. रंग अजून पुरता कडक झाला नव्हता. तिनं जोडाजवळ खरवडलं. खाली स्वच्छ, अखंड लोखंड. दुसरीकडे खरवडलं, तिथंही तेच. तिसऱ्या जागी हात घातला आणि मागं चपला वाजल्या.

दीर ओल्या केसांनी उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"काय शोधताय?"

"भेग," ती म्हणाली. खोटं काही सुचलंच नाही.

"मला विचारायचं ना, वहिनी."

"तुम्हाला काय विचारायचं? चिकटपट्टी तुम्ही!"

तोंडातून निघून गेलं. त्याच्यासमोर हे नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं.

तो पुढे आला. तिच्या हातातलं उलथनं घेऊन खाली बसला आणि खरवडायला लागला. कालचा सगळा रंग पापुद्र्यांनी वर्तमानपत्रावर पडत गेला.

"राहू द्या हो भाऊजी. चुकलं माझं."

त्याचा हात थांबला नाही. दोन्ही आर्म उघडे करून त्यानं तिच्यापुढे सरकवले.

"अंगाखांद्यावर खेळवलंय मी तिला," तो म्हणाला. "घ्या. बघा नीट."

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे भरून आले. तिनं ते पुसले, चष्मा लावला, आणि खाली वाकून दोन्ही आर्म उलटेपालटे करून नीट बघितले.