भुंग्याचा दम

माझा दम छातीत नाही, कानात तुटतो, असं आमचे प्रशिक्षक जमदाडे सर म्हणाले तेव्हा मला त्यांचाच राग आला. आणि राग हेच तर माझं दुखणं होतं.

मी बाणाई कबड्डी संघाची चढाई करणारी. "कबड्डी कबड्डी" म्हणत पलीकडं शिरले की पळसवाडीची तेजल सुरू व्हायची, "सरका गं, म्हैस आली." झालं. माझं डोकं फिरायचं, श्वास वर चढायचा, दम तुटायचा आणि मी बाद. गेल्या साली फायनल माझ्या अशाच चढाईवर गेली. यंदा सरांनी तोंडावर सांगितलं, "रंजू, डोकं थंड झालं नाही तर फायनलला तू बाकावर. मग कितीही रड."

"तोंड तिचं चालतं, सर. बाकावर मी का?"

"कारण तिला दम धरायचा नसतो."



सरावाआधी रोज त्यांनी मला भ्रामरी प्राणायामाला बसवलं. पाठ ताठ, अंगठ्यांनी कान बंद, बोटं मिटल्या डोळ्यांवर, ओठ मिटलेले, दात सुटे. नाकानं श्वास भरायचा आणि सोडताना भुंग्यासारखं गुणगुणायचं. पोरी हसून हसून लोळल्या. घरी पडवीत बसले तर आबा विहिरीकडं धावले, मोटर जळाली म्हणून. आई मागनं म्हणाली, "अवो मोटर न्हाई, तुमची लेक हाय ती."

सुरुवातीला नुसती चिडचिड झाली. मग एका सकाळी तो आवाज डोक्यात भरला, दातांना झिणझिण्या आल्या आणि श्वास सरता सरेना. तेजलचं बोलणं मुद्दाम आठवून बघितलं, तर राग येईना. इतकं हलकं मला कैक दिवसांत वाटलं नव्हतं.

सेमीफायनलला मात्र मी माती खाल्ली. डोकं थंड ठेवायच्या नादात माझे ओठच मिटले आणि मी भर मॅटवर भुणभुणायला लागले. पंचांनी शिट्टी मारली. "कबड्डी म्हण, पोरी. पूजा घरी जाऊन कर." चढाई गेली, वर समोरच्यांना एक गुण फुकट. जिंकलो कसेबसे.

मीच जाऊन सरांना विचारलं, "बसू का बाकावर?"

"गुणगुण ओठात कशाला आणतेस? खाली छातीत राहू दे. कबड्डी वर चालू दे, मोकळ्या तोंडानं." मग म्हणाले, "उद्या खेळ."

फायनलला पळसवाडीच. गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई माझी. रेषा ओलांडली तशी तेजल म्हणाली, "आली, गेल्या सालची म्हैस." अक्षर न् अक्षर ऐकू आलं, कान उघडेच होते ना. कानशिलं तापली. पण खाली छातीत भुंगा गुणगुणत होता. मी श्वास जपून सोडत राहिले, "कबड्डी, कबड्डी," आणि पाय लांबवून तिच्या गुडघ्याला लावला.

तिनं घोटाच धरला. मी तोंडावर आपटले, पाठीवर आणखी दोघी पडल्या. रेषा हातभर लांब. पंच वाकून माझ्या तोंडाशी कान लावून बसलेले. मी कोपरांवर सरकत राहिले. छाती रिकामी होत आली, तरी तो बारीक धागा तुटेना आणि त्याच्यावर शब्द निघतच राहिले. बोट रेषेला लागलं. शिट्टी वाजली.

पायाशी पडलेली तेजल धापा टाकत म्हणाली, "अगं बास कर की आता. जिंकलीस तू."

तेव्हा कळलं, मी अजून म्हणतच होते.

पोरींनी मला उचललं. ढोल, शिट्ट्या, आबांचं ओरडणं, कोण काय म्हणतंय पत्ता लागेना. सरांनी लांबूनच अंगठे कानांना लावून दाखवले आणि हसले. मी मान हलवून नाही म्हटलं. हा गोंगाट माझा होता आणि मला तो सगळा ऐकायचा होता.