ईडलिंबाची साल

श्रेयाने लॅपटॉप ब्याडगी मिरचीच्या पोत्यावर उघडून ठेवला. "आई, बघ. परवापासून आपलं कांडप जगात पोचलं."

बकुळाने पदराला हात पुसले, चष्मा नाकावर चढवला आणि बघितलं. बघताबघता तिच्या तोंडाला पाणी सुटलं. चवीचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते.

पडद्यावर एक म्हातारी हसत होती. नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, हातात मुसळ, आणि मुसळ धरलेल्या हाताला बोटं सहा. समोरच्या उखळात तिखट होतं आणि त्या कोरड्या तिखटातून भाताच्या पातेल्यासारखी वाफ निघत होती. खाली सोनेरी अक्षरं : रखमाआजींचा वारसा, दीडशे वर्षांची चव.

"ही कोण गो?"

"रखमाआजी."

"कुणाची आजी?"

"कुणाची नाही. ब्रँडची."

लालबागचं हे मसाले कुटायचं कांडप बकुळाच्या सासऱ्यांनी, रामूंनी घातलं होतं. संपात गिरणीची नोकरी गेली तेव्हा त्यांनी कुठूनसा जुना डंक आणला. चार लोखंडी मुसळं, एक मोटर. जन्मभर खोकले बिचारे, आधी कापसाने, मग तिखटाने. या कहाणीत आजी कुठेच नव्हती.

"मग सासऱ्यांचा फोटो का नाही टाकला? दिला होता ना मी?"

श्रेया ओशाळली. "अनिमेष म्हणाला, बनियनमधला माणूस नजरेला खुपतो. आजी विकली जाते."

"विकली जाते," बकुळा पुटपुटली. जिभेवर खवट खोबरं आल्यासारखं तिचं तोंड वाकडं झालं.

अनिमेष म्हणजे श्रेयाच्या ऑफिसातल्या ओळखीचा, वेबसाइट बनवणारा. फाल्गुनात तो नाकाला रुमाल लावून कांडपावर आला होता. खोटं कशाला बोला, पोराचे प्रश्न सरळ होते. तुमच्याकडे कोण येतं? कशाला येतं? यायच्या आधी त्याला काय कळायला हवं?

बकुळानेही सरळ सांगितलं होतं. "हे बघ बाबा, माझ्याकडे कुणी मसाला विकत घ्यायला येत नाही. आपला मसाला आपल्या डोळ्यांदेखत कुटून घ्यायला येतात. त्यांना हळदीचा वार कळला पाहिजे, म्हणजे त्या दिवशी मिरची घेऊन कुणी फुकट फेरी मारणार नाही. गर्दी कधी नसते ते कळलं पाहिजे. किती कुटायला किती वेळ, ते कळलं पाहिजे. आणि फोन नंबर मोठा टाक, म्हाताऱ्या बायकांना दिसेल असा."

अनिमेषने यातलं एक अक्षर लिहून घेतलं नाही. मान हलवत म्हणाला, "ते ठीक आहे काकू. पण तुमची खासियत काय? लोकांनी तुमच्याच पानावर का थांबायचं?"

आणि तिथे बकुळा घसरली.

कांडपाची एक रीत होती, रामूंनी घालून दिलेली. गिऱ्हाईक घरून प्रमाणाची चिठ्ठी आणतं. त्या चिठ्ठीबरहुकूम जिन्नस तोलायचे, भाजायचे, कुटायचे, आणि मसाला डब्यात भरला की चिठ्ठी गिऱ्हाइकासमोर भट्टीत टाकायची. चिठ्ठी भट्टीला, गुपित पोटाला, असं रामू म्हणत. घराघराची चव बकुळाच्या पोटात होती. डंकाच्या ठेक्यावर ती गुणगुणायची,

कुटिते लोकांचं तिखट, वास माझ्या पदराला
चव जाते ज्याच्या घरी, ठसका माझ्या उंबऱ्याला

त्या दिवशी खासियत विचारल्यावर तिची मान ताठ झाली. "चाळीस घरांची प्रमाणं तोंडपाठ आहेत मला, चिठ्ठीशिवाय."

"काय सांगता! एखादं म्हणून दाखवा की."

समोर फोन रेकॉर्डिंगला धरलेला होता, आणि अशा कौतुकाने तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. तिने हाताने मापं दाखवत, ओवीच्या चालीवर, एक सबंध प्रमाण म्हणून दाखवलं.

आता श्रेयाचं बोट पडद्यावर खाली सरकत होतं. शिकागोच्या कुणा मायाने लिहिलं होतं, 'डोळ्यांत पाणी आलं, आईची आठवण आली.'

"या मायाला आपण कधी मसाला दिला?"

"अगं, ते अनिमेषने लिहिलंय. सगळेच लिहितात."

"म्हणजे उष्टंसुद्धा नव्हे. न जेवताच ढेकर."

एक लाल बटण लुकलुकत होतं : त्वरा करा, शेवटचे सात डबे. डबे मुळात नव्हतेच. हळदीचा वार नव्हता. फोन नंबर तळाशी होता, मुंगीच्या पायाएवढा. कांडपाचा पत्ता शोधायला तर भिंग लागलं असतं.

आणि मग ते पान आलं. 'अस्सल परभी संबार मसाला. आजींचं गुप्त प्रमाण, प्रथमच जगासमोर.' गहू इतके, हरभऱ्याची डाळ इतकी, हिंगाचा खडा एवढा. आणि सगळ्यात शेवटी, मूठभर सुकवलेली ईडलिंबाची साल, घरच्या उन्हात सात दिवस वाळवलेली.

बकुळाने ती ओळ पुन्हा वाचली. मुंबईत संबाराला ईडलिंबाची साल घालणारं एकच घर तिला ठाऊक होतं.

गिरगावच्या नलूताई. जुन्या परभी, म्हणजे पाठारे प्रभू घराण्यातल्या. चाळीस वर्षं दर चैत्रात टॅक्सीने यायच्या, कडक इस्त्रीचं पातळ नेसून, आणि डंकासमोर ठेवलेल्या आपल्या ठरलेल्या पाटावर बसायच्या. चिठ्ठी जळून राख होईतो उठायच्या नाहीत. जाताना म्हणायच्या, "बकुळे, माझं माहेर तुझ्या पोटात आहे हो. सांभाळ."

इतका वेळ तिला त्या सहा बोटांच्या म्हातारीची शिसारी येत होती. आता ती शिसारी वळली आणि तिच्याच जिभेवर येऊन बसली. चिठ्ठ्या जळाल्या होत्या सगळ्या. जीभ तेवढी जळायची राहिली होती.

"फोन लाव त्याला," ती म्हणाली.

अनिमेष खुशीत होता. "काकू, अभिनंदन! ते संबाराचं पान मस्त चाललंय. तीन दिवसांत दोन हजार लोक. लोक तिथेच थांबतात!"

"उकिरड्यावर माशापण थांबतात रे. काढ ते."

"पण काकू, तेच तर तुमचं..."

"माझं नाही ते! दुसऱ्याच्या घरातलं आहे. मी दिलं, माझी चूक. पण तू विचारलं होतंस का, कुणाचं म्हणून? आजी काढ, माया काढ, सात डबे काढ. धुऊन टाक सगळं."

"मग पानावर उरेल काय?"

"मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते."

संध्याकाळपर्यंत श्रेयाने स्वतः बसून पान नव्याने लिहिलं. वर बनियनमधले रामू, डंकावर हात ठेवून. खाली वार आणि वेळा, आणि अंगठ्याएवढे नंबरचे आकडे. बकुळाने एकच ओळ तोंडाने सांगितली : 'आपला मसाला आपल्यासमोर कुटला जाईल. चिठ्ठी आपल्यासमोर जाळली जाईल.' श्रेयाने मान वर केली नाही. ओळ टाइप केली आणि हळूच विचारलं, "ही ठेवायची ना, आई?"

"ठेव. खरी करून दाखवीन."

पान कामाला आलं. आठवड्याभरात हिंदमातेहून, शीवहून नव्या बायका आल्या, नेमक्या वारी, मिरच्यांचे देठ मोडून. बकुळाचा एक डोळा मात्र पाटावर. पाट रिकामा होता.

चैत्र सरता सरता टॅक्सी थांबली. नलूताई उतरल्या. पातळ तसंच कडक. पण यंदा हातात जिन्नसांच्या पुड्या नव्हत्या. घरीच भाजून, एकत्र करून, पांढऱ्या फडक्यात गाठ मारलेलं गाठोडं होतं.

"या नलूताई," बकुळा म्हणाली. मग धीर करून, "ते पान मी..."

"काढलंस. पाहिलं मी. वल्लरीने दाखवलं, आधीचंही आणि नंतरचंही." वल्लरी म्हणजे त्यांची सून. "मला म्हणते कशी, आई, एवढं काय गुप्त ते, नेटवर तर आहे! मी चाळीस वर्षं तिच्यासाठी राखून ठेवलं होतं गं. यंदा द्यायचं होतं."

बकुळाने हात जोडले. "मी चुकले, नलूताई."

नलूताई पाटावर बसल्या. गाठोडं मांडीवर घेतलं. भांडायला आलेलं माणूस बरं, बकुळाला वाटलं. ह्या तर कुटायला आल्या होत्या.

"थोडा बदल केलाय यंदा," त्या शांतपणे म्हणाल्या. "डंक सुरू कर. आणि बकुळे, मी गाठ सोडते तोवर तू जरा बाहेर उभी राहा."

बकुळाने बटण दाबलं. मुसळं उठली, पडली. ती आपल्याच उंबऱ्याबाहेर गेली आणि गल्लीकडे तोंड करून उभी राहिली. मागून नवा वास आला. नाकाने तो ओळखायला घेतलाच, जन्माची खोड. हे गव्हाचं, हे हिंगाचं, आणि हे...

ओळख पटायच्या आत तिने पदराचा बोळा करून नाकावर दाबला. पदरालाही तोच वास होता.