विठूच्या वहाणा

हौसा गेली हे दयारामला त्या दिवशी दोनदा कळलं. पहिल्यांदा कळलं तेव्हा ती जिवंत होती.

साल अठ्ठावन्न, फेब्रुवारी महिना. मुंबईच्या मोठ्या मैदानावर गोल्फची स्पर्धा होती, पैसे न घेता खेळणाऱ्यांची. शेवटचा सामना. अठरापैकी सोळा होल झाले होते, दोन उरले होते आणि समोरचा बॅरिस्टर एका होलने पुढे होता. सतराव्या होलवर दयारामने काठी हातात घेतली, सहज मान वळवली, तर लांब चिंचेपलीकडे उन्हात विठू उभा.

विठू दयारामच्या बायकोचा, हौसाचा, पाठचा भाऊ. पनवेल सोडून मुंबईला तो कधी आला नव्हता. तो अनवाणी होता. हाक मारत नव्हता, हात करत नव्हता, जवळही येत नव्हता.

दयारामच्या गावात मयताची खबर घेऊन जाणारा माणूस वहाणा वेशीबाहेर काढतो. दाराशी येत नाही, तोंडाने काही बोलत नाही. दिसेल असा लांब उभा राहतो. घरच्यांनी त्याला बघायचं आणि समजायचं.

दयारामला समजलं.

हौसा आठ दिवस तापाने पडून होती. स्पर्धेला जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण तिनेच ढकललं. "तुमी जावा. हितं बसून माझा ताप मोजणार हाव काय?" म्हणाली. आता ती नव्हती. उभ्या उभ्या त्याच्या मनात आलं, गेलीच आहे तर दोन होलांनी काय फरक पडतो? मग त्याने मान खाली घातली आणि चेंडू मारला. हात जरासुद्धा हलला नाही. पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

हा खेळ तो मिठागरात शिकला. पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरावर तो मुकादम होता. तिथला गोरा अधिकारी सत्तेचाळीस साली मायदेशी गेला, तेव्हा पाच काठ्या आणि पिशवीभर चेंडू दयारामला देऊन गेला. साहेबाला खेळताना दयारामने चार वर्षं बांधावरून बघितलं होतं. मिठाच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून सिमेंटसारखी घट्ट करतात. चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालायचा सराव करायला याहून चांगली जागा नाही. लांबच्या फटक्यांना बांधापलीकडचा माळ होता.

अडचण एकच. पांढरा चेंडू पांढऱ्या मिठात हरवायचा. हौसाने त्यावर उपाय काढला. ती चेंडू हळदीत घोळवून द्यायची. संध्याकाळी काम सुटलं की दयाराम या टोकाला आणि हौसा त्या टोकाला, कमरेला पदर खोचून. चेंडू पडला की तिची हाक यायची, "हितं हाय!" त्या हाकेवरून त्याला कळायचं, किती लांब गेला, डावीकडे गेला की उजवीकडे. त्याला दुसरा शिक्षक नव्हता.

गावातले हसायचे. ट्रक चालवणारा काशीराम म्हणायचा, "दयाराम, बायकोला चेंडू मारून दमवतोस, त्यापरीस एक बकरी पाळ."

हौसा लांबूनच ओरडायची, "बकरी तुझ्यासारखी बडबडंल, काशीरामभाऊ! मीच बरी!"

बावन्न साली कंपनीच्या मालकाने त्याचा खेळ बघितला आणि त्याचं नाव मुंबईला पाठवलं. पहिल्या स्पर्धेत खिशातून पिवळा चेंडू निघाला, तेव्हा एकाने विचारलं, "हळद लागलीय वाटतं! लग्न कुणाचं?" दयारामने त्या दिवशी त्याला हरवलं. पुढच्या पाच वर्षांत त्याने तीन कप घरी आणले. हौसा त्यांत तांदूळ भरून ठेवायची. मोठा कप मात्र राहिला होता.

तो त्या दिवशी मिळाला. सतरावा होल त्याने घेतला, अठरावाही घेतला. बॅरिस्टरने हात मिळवला. चहा झाला, भाषण झालं. कप हातात येईपर्यंत तो थांबला. घाई कशाची, असंच त्याला वाटत होतं. मग कप घेऊन तो फाटकाकडे चालत गेला. विठू धावत पुढे आला.

"दाजी, चला लवकर! बाय तुमाला बोलावते!"

दयारामला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कोण बोलावते?"

"हौसाबाय! सकाळपासून तुमचं नाव घेते. डॉक्टर म्हनला, दुपारपत्तोर घेऊन ये. काशीरामभाऊ ट्रक घेऊन उभा हाय."

"तुझ्या वहाणा कुठं हायत?"

"त्या फाटकावर पट्टेवाल्यानं काढायला लावल्या. तळाला खिळे हायत, गवत खराब व्हतं म्हनला. वर तंबी दिली, खेळ चालू असताना तोंड उघडायचं नाय, आन् चहापान्याकडं फिरकायचं नाय. तास झाला उभा हाय, दाजी. तुमी माज्याकडं बघितलं नाय काय?"

दयाराम म्हणाला, "नाय. बघितलंच नाय."

मुंबईहून ठाण्यामार्गे पनवेलला यायला तेव्हा अडीच तास लागायचे. काशीरामने ट्रक जोरात हाणला. कप दयारामच्या पायांत गडगडत होता. ते पोचले तेव्हा विठूची बायको गोदू दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तिने सांगितलं, हौसा पाऊण तासापूर्वी गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. "आलं काय?" एवढंच विचारत होती.

बाराव्या दिवशी विठू सगळ्यांसमोर रडला. "मी एक हाक मारली असती तर दाजी वेळेवर आले असते. गवताला आन् पट्टेवाल्याला भ्यालो." सगळ्यांनी त्याची समजूत काढली. दयारामनेही त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या वर्षी दयाराम खेळायला गेला. पहिल्याच होलवर काठी उचलली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी अनवाणी उभं दिसलं. मान वर केली तर कुणी नाही. पुन्हा मान खाली घातली, पुन्हा उभं. चौथ्या होलवर त्याने सामना सोडला. काठ्या घरी आणून माळ्यावर टाकल्या, त्या अजून तिथेच आहेत.

पण मुकादमी सुटली नाही, आणि मिठागरात सगळेच अनवाणी. भर दुपारी काम थांबवून कुणी बांधावर घाम पुसत उभा राहिला, गप्प, लांब, की दयाराम हातातलं काम सोडतो. दिवसातून दहा वेळा कुणीतरी त्याला तीच खबर घेऊन येतं. प्रत्येक वेळी तो जागचा उठतो, बांधावर जातो आणि विचारतो, "काय रे, काय झालं?" माणसं म्हणतात, "काय नाय, मुकादम." त्यांना सवय झाली आहे. कधी माळाकडून "हितं हाय" असं ऐकू येतं. मग तो तिकडे बघतही नाही.

विठू आता आपटा गावात राहतो, महिन्यातून एकदा येतो. त्या दिवसापासून त्याने एक सवय लावून घेतली आहे. वळणावर एस. टी.तून उतरला की तिथूनच ओरडतो, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. "दाजी! मी विठू! सगळं बरं हाय!" वहाणा घालून, त्या जोरात आपटत येतो. पोरंटोरं हसतात. चाळीशीच्या माणसाचे केस सगळे पिकले आहेत.

परवाही आला. ओटीवर बसला, चहा घेतला. जाताना नेहमीसारखं म्हणाला, "दाजी, एक हाक मारायची व्हती."

दयारामने तोंड उघडलं. मग म्हणाला, "गाडी चुकंल तुझी."

सहा वर्षं झाली. त्या दिवशी मी तुला बघितलं होतं, एवढं विठूला सांगायचं राहिलं आहे.