मोहनबाईंची खिचडी

गेणूच्या पोटातली जळजळ गेली याचा त्याच्या बायकोला, गोजरबाईला, आनंद झाला नाही. ती कोणाच्या हातच्या जेवणानं गेली हे तिला ठाऊक होतं.

गेणू जवळच्या डिंगोरे गावचा. ओतूरला धरमचंद शेटजींच्या कापड दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून तो कपडे शिवायचा. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीआधी काम वाढलं, तशी शेटजींच्या बायकोनं, मोहनबाईंनी, त्याला रोज संध्याकाळी दुकानामागच्या घरात घरच्यांबरोबर ताट वाढायला सुरुवात केली. मुगाची खिचडी, वर तूप. पंधरा दिवसांत त्याच्या उशाजवळची खायच्या सोड्याची पुडी उघडायचीच बंद झाली. घरी आला की म्हणायचा, "मला नको वाढू. पोट लई हलकं हाय."

"माझ्या हातचं जड व्हतं का मग वीस वर्षं?"

"तसं न्हाई म्हनलो."

"मग कसं म्हनला?"

बाजाराच्या दिवशी गोजरबाई थेट मोहनबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काय घालता हो खिचडीत?"

"काही नाही गं. मूग, तांदूळ, हळद, हिंग, जिरं. कांदा-लसूण आमच्या घरात येतच नाही."

"आन चूर्ण-बिर्ण?"

मोहनबाई हसल्या. "चूर्णानं नवरे वळत असते तर आमच्या शेटजींना आधी दिलं नसतं का?"

गोजरबाई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं गेणूला तिकडं जेवायची बंदी केली आणि घरी तशीच खिचडी टाकली. कांदा नाही, लसूण नाही, घरचं तूप. दुकान आठला बंद व्हायचं. गेणू नऊला घरी यायचा, टीव्हीवरची मालिका संपली की साडेनऊला जेवायचा आणि लगेच आडवा व्हायचा. सलग तीन रात्री तो झोपेतून छाती चोळत उठला. चौथ्या दिवशी सकाळी हळूच म्हणाला, "आजपास्नं तिकडंच जेवतो."

गोजरबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "चव तीच व्हती ना?"

"तीच. तुझी जरा चांगलीच."

"मग?"

"मला काय ठावं? तिथं जेवून दोन-अडीच तास मशीन मारतो. हितं जेवलो की पडतो."

"तिथं किती वाजता जेवता?"

"दिस बुडायच्या आत. त्यांचा धर्मच हाय तसा. मागनं अन्नाचा कण घेत न्हाईत."

काय घालता, हे तिनं विचारलं होतं. कधी वाढता, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी चारला तिनं खिचडी शिजवली आणि पाचच्या एसटीनं डबा घेऊन ओतूर गाठलं. ऊन अजून ओट्यावर होतं. मोहनबाई दारात आल्या. "अगं, गेणूचं ताट वाढलंय आत. तुझा डबाही आतच आण, दोघं बसा."

"न्हाई आनता यायचा, बाई. फोडणीला लसूण हाय."

तो तिनं मुद्दाम घातला होता. चार पाकळ्या, जास्त नाहीत.

गेणू एकदा दाराकडं, एकदा डब्याकडं बघत राहिला. मग ओट्यावरच मांडी घालून बसला. जेवला, हात धुतला आणि मशीनवर गेला. गोजरबाईनं परतीची पहिली गाडी सोडली, दुसरीही सोडली. त्याचा हात छातीकडं जातो का, ते ती बघत होती. मोहनबाईही दारातून हलल्या नाहीत.

आठला शेटजींनी दुकान बंद केलं, तोवर गेणूचा हात कापडावरच होता.